भिंतीचा टेकू

आमच्या घराच्या मागील दाराचें कवाड दोन पावसाळे चौकटीस घासत होतें. सुतारास बोलाविलें, तों त्यानें रंधा खालीं ठेवून वर पाहिलें. दारावरील लांकडी तुळई वाळवीनें पोखरून मध्यें वांकली होती, आणि विटांच्या सांध्यांतून एक भेग पायरीपायरीनें वर चढली होती. "मास्तर, दुखणें कवाडाचें नाहीं, कपाळपट्टीचें आहे," असें तो म्हणाला.

मग इतके दिवस भिंत पडली कां नाहीं? विटा सांधेमोड करून रचलेल्या असतात. प्रत्येक वीट खालच्या दोन विटांवर बसून आपला भार दोहों बाजूंस देते. त्यामुळें चांगल्या बांधणीच्या भिंतींत दारावरील त्रिकोणाकृति भागाचाच भार मुख्यतः तुळईवर येतो. बाकीचा बाजूंच्या भिंतींवर उतरतो. दार 4 फूट रुंद व भिंत दीड फूट जाड असेल, तर हा समभुज त्रिकोण सुमारें साडेतीन फूट उंच होतो व त्यांतील विटकाम साडेपाचशे किलोंच्या घरांत भरतें. माळ्याच्या कड्या त्यांत टेकल्या असल्यास त्यांचा भार निराळा. मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंतीस मात्र हा नियम लावूं नये.

एवढें वजन क्षणभरही निराधार ठेवणें म्हणजे खालीं काम करणाऱ्याचा जीव धोक्यांत घालणें होय. म्हणून प्रथम कड्यांखालीं टेकू देतात. नंतर, नवी तुळई बसविण्यास जागा राहील इतक्या उंचीवर, भिंतीस आरपार भोंक पाडून त्यांत मजबूत आडवें लांकूड घालतात. एक बसविल्यावरच दुसरें भोंक पाडावें. लांकडाचीं टोंकें भिंतीच्या आंत व बाहेर उभ्या केलेल्या खांबांवर टेकतात. खांब जमिनींत रुतूं नयेत म्हणून त्यांखालीं जाड फळी ठेवून, खांब व फळी यांमध्यें समोरासमोरून दोन पाचरी हलकेच ठोकतात. भिंतीचा भार खांबांनीं घेतला कीं थांबावें. अधिक ठोकल्यास भिंत उचलली जाऊन नवी भेग पडते.

यानंतर टेकूखालील सुट्या विटा व जुनी तुळई काढून, दगडाची किंवा सिमेंट-लोखंडाची नवी तुळई बसवितात. ती दोहों बाजूंस निदान 6 इंच भक्कम भिंतीवर समपातळींत टेकली पाहिजे. तिच्या वरची फट विटांनीं व घट्ट मसाल्यानें ठासून भरावी; फट राहिली तर टेकू काढतांच भिंत तेवढी खचते.

आमच्या गवंड्यास दुसऱ्या कामाची घाई होती. तिसऱ्याच दिवशीं तो पाचरी काढावयास आला. मीही मोह पडून होकार देणार होतों. परंतु सुतारानें सांध्यांत खिळा खुपसून मसाला अजून कच्चा असल्याचें दाखविलें. आम्ही थांबलों. आठवडा उलटल्यावर पाचरी एकेक करून थोड्याथोड्या सैल केल्या. भेगेवर चिकटविलेली कागदाची पट्टी फाटली नाहीं, तेव्हां लांकडें काढून भोंकें बुजविलीं.

पालकहो, दारावर अशी भेग दिसल्यास ती रंगानें झांकूं नका. जाणत्या माणसास दाखवा. आणि मुलांनो, टेकू कायमचा नसतो हें खरें. पण तो केव्हां काढावा, हें भिंतीच्या मसाल्यास विचारावें.