क्लचचं पेडल खाली बसलं, आता ब्रेकचं काय? जुन्या गाडीतली एक गळती समजून घ्या

पनवेलहून एक्स्प्रेस वेने पुण्याकडे निघालात की खोपोलीनंतर बोरघाट लागतो. शनिवारी सकाळी तिथे काय असतं, हे वेगळं सांगायला नको. पहिला गिअर, दहा फूट पुढे, पुन्हा ब्रेक. एका घाटात क्लच शेकडो वेळा दाबला जातो. अशा वेळी क्लचचं पेडल खाली गेलं आणि वर आलंच नाही तर?

नव्या गाडीत असं सहसा होत नाही. पण वीस वर्षांच्या गाडीत होऊ शकतं. उदाहरणार्थ, स्कोडाची पहिली ऑक्टाविया आरएस. ती २००४ मध्ये भारतात आली. दिसायला साध्या सेदानसारखी, पण बॉनेटखाली १.८ लिटरचं, १५० हॉर्सपॉवरचं टर्बो पेट्रोल इंजिन. आजही ही गाडी जिवापाड जपणारे लोक आहेत. इंजिनाची काळजी ते घेतातच, पण क्लचच्या गळतीकडे मात्र अनेकदा उशिरा लक्ष जातं.

पेडल दाबल्यावर नेमकं काय होतं?

जुन्या छोट्या गाड्यांमध्ये क्लच तारेने, म्हणजे केबलने ओढला जायचा. ऑक्टावियासारख्या गाड्यांमध्ये हायड्रॉलिक क्लच असतो. पेडलच्या मागे एक छोटा पंप असतो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. गिअरबॉक्सजवळ दुसरा असतो, तो स्लेव्ह सिलिंडर. दोघांना जोडणाऱ्या नळीत ब्रेक ऑइल भरलेलं असतं. बंद नळीतल्या द्रवावर दाब दिला की तो दुसऱ्या टोकाला पोहोचतो. पायाने मास्टर दाबला की तिकडे स्लेव्ह पुढे सरकतो आणि इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटतात.

हा दाब धरून ठेवायचं काम सिलिंडरच्या आतले रबरी सील करतात. सील झिजला की ऑइल बाहेर येतं किंवा हवा आत शिरते. हवा दाबली जाते, द्रव जवळपास दाबला जात नाही. त्यामुळे हवा शिरलेल्या क्लचचं पेडल पोकळ, स्पंजसारखं लागतं.

सील खराब का होतात?

एक कारण वय आणि दुसरं पाणी. ब्रेक ऑइलच्या नावात ऑइल असलं, तरी ते इंजिन ऑइलसारखं तेल नव्हे. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. पनवेलसारख्या खाडीजवळच्या, चार महिने पाऊस झेलणाऱ्या गावात हवेत ओलावा काही कमी नसतो. ऑइलमध्ये मुरलेलं पाणी धातूच्या सिलिंडरला आतून गंजवतं आणि त्या खडबडीत भिंतीवर घासून सील फाटतात.

पाण्याचा दुसरा परिणाम ब्रेकवर होतो. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापतात, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. म्हणूनच ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

क्लच आणि ब्रेकचा संबंध काय?

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ऑक्टावियात क्लच आणि ब्रेक एकाच डबीतून ऑइल घेतात. मग क्लच गळला तर ब्रेकही जाणार का?

लगेच नाही. क्लचकडे जाणारी नळी डबीला वरच्या बाजूला जोडलेली असते आणि ब्रेकचा साठा तिच्या खाली राहतो. पातळी उतरली की आधी क्लच बंद पडतो, ब्रेकसाठी ऑइल शिल्लक राहतं. म्हणजे खाली बसलेलं क्लचचं पेडल हा एक इशारा आहे. रोज थोडं ऑइल ओतून गाडी चालवत राहणं म्हणजे हा इशारा रोज पुसून टाकणं. शिवाय पातळी कमी झाली ती क्लचमुळे की ब्रेकमुळे, हे नुसती डबी बघून कळत नाही.

क्लच प्लेट गेली की गळती आहे?

इथे अनेकांचा विनाकारण खर्च होतो. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या प्रमाणात वेग घेत नसेल, तर क्लच प्लेट घसरते आहे. याउलट गिअर अडकत असेल, रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल आणि पेडल दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडत असेल, तर आधी हायड्रॉलिक तपासायला सांगा. प्लेट नंतर.

गळती शोधायच्या मुख्य जागा तीन. ड्रायव्हरच्या पायाजवळ पेडलच्या वर ओल असेल तर संशय मास्टरवर. गिअरबॉक्सवर, स्लेव्हभोवती ओल असेल तर स्लेव्हवर. तिसरी जागा म्हणजे मधली नळी आणि तिचे जोड. गाडीखाली रात्री पुठ्ठा ठेवा. दमट हवेत एसीचं पाणीही खाली टपकतं, पण ते वाळून जातं. ब्रेक ऑइलचा डाग बोटाला बुळबुळीत लागतो.

कधीकधी बाहेर थेंबही दिसत नाही. मास्टरचा सील आतल्या आत दाब सोडतो. सपाट, मोकळ्या जागेत पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून धरा, दुसरा पाय ब्रेकजवळ ठेवा. थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकू लागली, तर दाब टिकत नाही.

दुरुस्ती कशी होते?

या ऑक्टावियात स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेला असतो, त्यामुळे तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. अनेक नव्या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या आत असतो. तिथे मजुरी वाढते आणि एकदा उघडलंच आहे तर क्लच प्लेटही बघून घेणं शहाणपणाचं ठरतं. गळालेलं ऑइल प्लेटवर गेलं असेल तर ती बदलावीच लागते.

सिलिंडर आतून गंजलेला किंवा ओरखडलेला असेल, तर नुसता सील किट टाकून फायदा नाही, आख्खा सिलिंडर बदला. मास्टर आणि स्लेव्ह एकाच वयाचे असतील तर दुसराही तपासून घ्या.

मग हवा काढायची. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा स्लेव्हवरचा निपल उघडतो, ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात, निपल बंद होतो आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. सुरुवातीला पेडल हाताने वर ओढावं लागू शकतं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालतं. मधे डबीतलं ऑइल संपू द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ऑइल गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच वापरा. चुकून इंजिन ऑइल गेलं तर सील फुगतात, आणि डबी एकच असल्याने ब्रेकचे सीलही त्यातून वाचत नाहीत. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

आणि घाटातच पेडल बसलं तर? इंडिकेटर लावून गाडी डावीकडे घ्या, बॉनेट उघडा, डबीवरची खूण बघा. पातळी किमान खुणेखाली असेल तर गाडी टोचन करूनच न्या. पुढे उतार आहे आणि शिल्लक राहिलेलं ऑइल ब्रेकच्या वाट्याचं आहे.