उंच चिमणी आणि धुतलेला धूर

पालघर जिल्ह्यात डहाणूच्या खाडीकाठी उभ्या असलेल्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर सोडलेला धूर कुणाला बाधत नाही, अशी अनेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. उंच चिमणी धुरातील विष नाहीसे करीत नाही. जवळच्या गावाऐवजी ते दूरच्या गावी नेऊन टाकते, एवढेच.

दगडी कोळसा जळताना राख, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अल्प प्रमाणात पारा बाहेर पडतो. राखेचे कण विद्युतभारित पत्र्यांकडे ओढून बव्हंशी अडविता येतात. सल्फर डायऑक्साइड हा वायू असल्याने तो त्यांतून निसटतो. पुढे हवेत त्याचे अतिसूक्ष्म सल्फेट कण बनतात व ते फुप्फुसांत खोलवर शिरतात. त्याला पकडायचे तर धूर धुवावा लागतो. बहुतेक ठिकाणी त्यासाठी चुनखडीची भुकटी कालवलेले पाणी वापरतात; डहाणूत समुद्राचे खारे पाणी. हे पाणी स्वभावतःच किंचित अल्कधर्मी असल्याने आम्लधर्मी वायू शोषून घेते. नंतर त्यात हवा खेळवून ते पुन्हा समुद्रात सोडले जाते. (ते किती आम्ल व किती उष्ण असते, हा मच्छीमारांचा प्रश्न रास्तच आहे.)

ही यंत्रणा सहजासहजी आली नाही. केंद्र शासनाने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित केला होता. तरीही नव्वदच्या दशकाच्या मध्यास वीज केंद्र सुरू झाले ते धूर न धुताच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. २००५ मध्ये ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. यंत्रणा प्रत्यक्ष चालू व्हावयास २००७ साल उजाडले. एवढा काळ चिकूच्या बागायतदारांनी आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी पाठपुरावा सोडला नाही, हे विशेष.

डहाणूने जे हट्टाने मिळविले, ते इतरांना कायद्याने मिळावयाचे होते. डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने कोळशावरील सर्व वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइड, पारा आदींची मर्यादा ठरवून दिली व जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत दिली. मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. अखेर जुलै २०२५ मध्ये मोठी शहरे आणि अतिप्रदूषित क्षेत्रे यांपासून दूर असलेल्या बहुसंख्य केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. अट घालण्यात आली ती चिमणीच्या उंचीची!

आपल्या कोळशात गंधक कमी असते, हा सूट देणाऱ्यांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु हा कोळसा वर्षाकाठी कित्येक कोटी टन जाळला जातो, आणि त्यातून बनलेले सल्फेट कण वाऱ्यासवे शेकडो किलोमीटर जातात. शहरांभोवती आखलेली मर्यादा मात्र १० किलोमीटरची आहे.