आधी अंदाज, मग माऊस

वावर गावातल्या आमच्या शाळेत मोबाइलची रेंज येते नि जाते. पावसाळ्यात विजेचाही भरवसा नाही. म्हणून जव्हारला गेलो की मी 'फेट'ची सिम्युलेशन्स लॅपटॉपवर उतरवून आणतो. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम फुकट आहे, मराठीतही आहे.

आठवीला धाराविद्युत शिकवतो तेव्हा पोरं पडद्यावर बॅटरी, तार, बल्ब ओढून जोडतात. परिपथ पूर्ण झाला की निळे इलेक्ट्रॉन सरकू लागतात. बल्ब वगळून तारेची दोन्ही टोकं बॅटरीलाच लावली, की बॅटरी चक्क पेटते! वर्गात एकच गलका. खऱ्या बॅटरीवर हे करून दाखवायची माझी तरी छाती नाही.

माझा नियम एकच: आधी वहीत अंदाज, मग माऊसला हात. नुसती चित्रफीत लावली तर पोरं सिनेमा बघितल्यासारखी बघतात आणि प्रश्न विचारला की माना खाली.

फोनवरून शिकण्याची वाटही आहे: परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पण कोडला फोन लागतो, आणि इथल्या पोरांच्या घरातला फोन दिवाळीनंतर बापासोबत वीटभट्टीवर गेलेला असतो.

तेव्हा शाळेला जुना लॅपटॉप देणार असाल, तर बॅटरी टिकणारा द्या.