यंत्राची ऊब

खुडूक बसलेली कोंबडी २१ दिवस नुसती अंड्यांवर बसून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती सारखी कामात असते. चोचीने ती अंडी दिवसातून अनेक वेळा उलटीसुलटी करते आणि कडेची अंडी पोटाखाली ओढून घेते. हे सारे काम एका पेटीकडून करवून घ्यावयाचे, याचेच नाव उबवणी यंत्र. कल्पना जुनीच आहे. प्राचीन मिसर देशात विटांच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबविली जात, आणि तेथील कसबी कामगार अंडे पापणीला लावून त्याची ऊब अजमावीत.

घरी हा उद्योग आरंभणाऱ्याची पहिली फसगत बहुधा बाजारातच होते. दुकानातील अंडी कोंबड्याविना ठेवलेल्या कोंबड्यांची असतात. ती कितीही उबविली तरी त्यांतून पिल्लू निघावयाचे नाही. फलित अंडी हवीत आणि तीही आठवड्याच्या आतली. पंखा असलेल्या यंत्रात उष्णता सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस राखावी लागते. वीज गेली की माणूस घाबरतो. परंतु तासाभराची थंडी गर्भ बहुधा सोसतो. उष्णता ४० अंशांच्या वर जाऊन काही तास टिकली, तर मात्र तो दगावतो. अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवावीत, नाहीतर गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे दिवा धरला, की जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. घरातील मुले त्या रात्री झोपावयास तयार नसतात!

अठराव्या दिवसापासून अंडी फिरविणे थांबवावे, पेटीतील ओलावा ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावा आणि झाकण उघडू नये. खरी परीक्षा येथे असते, आणि ती यंत्राची नव्हे, माणसाची. पिल्लू प्रथम अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घेऊ लागते, मग कवचाला टवका पाडते आणि पुढे कित्येक तास निपचित पडून राहते. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. कवच सोलून त्याला मोकळे करावे, असा मोह अनिवार होतो. परंतु त्या वेळी पापुद्र्यातील शिरांतून रक्त वाहत असते. ते आत ओढले जाण्यापूर्वी कवच काढले, तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरते. शिवाय उघडलेल्या झाकणातून ओल निघून गेली, की शेजारच्या अंड्यांतील पापुद्रे वाळून पिल्लांना आवळून धरतात. एकाच्या दयेपायी चार जायचे!

बाहेर आलेले पिल्लू अंग वाळून पिसे फुलेपर्यंत पेटीतच राहू द्यावे. दाण्याची घाई नको. उरलेला बलक पोटात घेऊनच ते जन्मते आणि त्या शिदोरीवर त्याचे दोन दिवस सहज निघतात. एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दूरच्या गावी धाडता येतात, ती याच शिदोरीच्या भरवशावर.