माती साफ करणारी मोहरी

अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन वालधुनी नदी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. कारखान्यांच्या अशा पाण्यातून शिसे, कॅडमियम हे जड धातू काठच्या मातीत उतरतात. पालापाचोळा कुजतो, धातू मूलद्रव्य असल्यामुळे कुजून नाहीसा होत नाही. मग तो काढायचा कसा? आपली मोहरी मुळांवाटे असे धातू शोषून पानांत-देठांत साठवते, हे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखवले. पीक उपटून सुरक्षित जागी नेले, की तेवढा धातू मातीतून गेला! असे हंगामामागून हंगाम करावे लागते. मात्र ध्यानात ठेवा, धातू नाहीसा झालेला नाही. तो मातीतून पानात आला आहे. म्हणून सांडपाण्यावर पोसलेली पालेभाजी कितीही हिरवीगार दिसली, तरी ताटात नको.