ताटातले धान्य किती कमी करावे?

म्हैसूर शहराच्या आसपासच्या खेड्यांत जेवणाच्या ताटात नाचणीच्या पिठाचे वाफाळते गोळे असतात. कन्नड भाषेत त्यांना ‘रागी मुद्दे’ म्हणतात. सारात बुडवून हे गोळे खाल्ले, की शेतात राबणाऱ्या माणसाला कष्टाचे बळ मिळते. महाराष्ट्रात हेच काम ज्वारी-बाजरीची भाकरी करते. अलीकडे मात्र ‘भात, भाकरी, पोळी सोडा आणि वजन उतरवा’ असा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. हा सल्ला आपल्याला मानवेल की नाही, हे कसे ठरवावे, याचा विचार या पाठात करू.

धान्ये, कंद, फळे व साखर यांतून आपल्याला कर्बोदके मिळतात. एक ग्रॅम कर्बोदकांपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. प्रथिनांपासूनही तेवढीच मिळते, तर स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी मिळते. कर्बोदकांचे शरीरात ग्लुकोज बनते. त्याचा काही भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणीही साठते. धान्य एकदम कमी केले, की हा साठा वापरला जातो आणि पाणी बाहेर पडते. म्हणूनच पहिल्या एक-दोन आठवड्यांत वजनाचा काटा झपाट्याने खाली येतो. ही घट बरीचशी पाण्याची असते. केवळ तिच्यावरून आहाराचे यश ठरवू नये.

मग दीर्घकाळात काय घडते? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांचा वर्षभर अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलो, तर कमी स्निग्ध पदार्थ घेणाऱ्यांचे सरासरी ५.३ किलो घटले. हा फरक नगण्य ठरला. परंतु दोन्ही गटांत कुणाचे वजन पुष्कळ उतरले, तर कुणाचे उलट वाढले. तात्पर्य, सर्वांना सारखाच लागू पडेल असा एकच आहार नाही.

तरीही आपल्या ताटात धान्याचा वाटा मोठा आहे, हे खरे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो, की भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांपासून मिळते. पांढऱ्या तांदळाऐवजी केवळ नाचणी किंवा गहू घेतल्याने मधुमेहाचा धोका फारसा कमी होत नाही, असेही त्यात आढळले. कर्बोदकांचा थोडा वाटा कमी करून त्या जागी डाळी व दूधदुभत्यातील प्रथिने घेणे मात्र हितकारक दिसले. नाचणीत कॅल्शियम भरपूर असले, तरी १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकेच असतात, हे विसरू नये.

म्हणजे खरा प्रश्न धान्य किती काढले हा नसून त्या जागी काय आले, हा आहे. म्हैसूरला हा प्रश्न नवा नाही. तेथे १९५० मध्ये केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. त्या काळी धान्याने पोट भरले, तरी प्रथिने अपुरी पडत. म्हणून संस्थेने शेंगदाण्याचे व हरभऱ्याचे पीठ एकत्र करून स्वस्त पूरक अन्न तयार केले. आजही धान्याची जागा तळलेल्या पदार्थांनी घेतली, तर लाभ होणार नाही. उसळ, घट्ट वरण, दही, अंडी, मासे आणि भाज्या यांनी घेतली, तर होईल. रेशनचे धान्य स्वस्त असते. पनीर व बदाम महाग असतात. तेव्हा घरखर्चाला पेलेल असाच पर्याय निवडावा.

काही व्यक्तींनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय असा आहार मुळीच सुरू करू नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी औषधाची मात्रा तशीच ठेवून धान्य तोडले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांना जास्त प्रथिने अपायकारक ठरू शकतात. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढत्या वयातील मुले यांनाही असा आहार योग्य नाही.

निरोगी प्रौढ व्यक्तीने प्रथम आपल्या कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत तो ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास वजनाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. त्यानंतर साखर, गोड पेये व मैद्याचे पदार्थ कमी करावेत. तीन भाकऱ्यांऐवजी दोन घेऊन उसळ व भाजी वाढवावी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार धान्यांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत असावी. म्हणजे धान्य मर्यादेत ठेवायचे आहे, वर्ज्य करायचे नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा घेर मोजावा. कामाचा उत्साह टिकला का, पोट साफ राहते का, खर्च झेपतो का आणि घरच्यांबरोबर एका पंगतीला बसून जेवता येते का, हेही पाहावे. जो आहार वर्षानुवर्षे आनंदाने पाळता येईल, तोच आपल्याला मानवला असे समजावे.