विश्वासराव वाचले असते तर? घाटनांदूरच्या वाचकांना काय वाटले

मराठीत एक जुना शब्दखेळ आहे. उधारीवर सौदा मागणाऱ्याला दुकानदार हसत सांगतो, "विश्वास? तो तर पानिपतावर गेला!" १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणात नानासाहेब पेशव्यांचे अठरा वर्षांचे चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले, त्यावरून हे बोलणे आले. डॉ. जयंत नारळीकरांनी एका कथेत ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून नुसती निघून जाऊ दिली. त्या कथेतल्या जगात दुकानदाराला हे वाक्य सुचलेच नसते.

कथेचे नाव 'गंगाधरपंतांचे पानिपत'. 'यक्षांची देणगी' या संग्रहात ती आहे. तिचे इंग्रजी रूप 'द अॅडव्हेंचर' एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात थोडे कमी करून घेतले आहे, त्यामुळे देशभरातली मुले ती वाचतात. आमच्या गावात ती तशीच आली. लातूरला शिकणाऱ्या एका मुलीने सुटीत पुस्तक आणले. मग आम्ही मराठी संग्रह मिळवला आणि एकच प्रत घरोघरी फिरवली. ज्यांना मराठी वाचायला जड जाते, त्यांना मगरिबनंतर मोठ्याने वाचून दाखवली. मधे अडले तर उर्दूत समजावले. दोन महिन्यांत वीस-बावीस जणांपर्यंत ती पोचली. त्यांची मते इथे देत आहोत. नावे देणार नाही, कारण बहुतेकांनी ती चहा पिता पिता सांगितली आहेत, छापण्यासाठी नव्हे.

आधी कथा थोडक्यात. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे इतिहासाचे अभ्यासक. पानिपतात मराठे जिंकले असते तर काय झाले असते, या विचारात चालले असता एका ट्रकची धडक बसते आणि ते वेगळ्याच हिंदुस्थानात जागे होतात. पुण्याहून मुंबईला निघतात ते जिजामाता एक्सप्रेसने. वाटेत 'सरहद' नावाचे स्टेशन लागते. तिथून पुढे इंग्रजांचे राज्य सुरू होते, कारण या जगात कंपनी सरकार मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा दोन-चार ठिकाणीच उरले आहे. बाकी देश कधी गुलाम झालाच नाही. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून पंत इतिहासाची पुस्तके चाळतात, तेव्हा त्यांना कळते की वाट फुटली ती पानिपतावर. विश्वासराव वाचले, अब्दाली हरून परत गेला. पेशव्यांनी दिल्लीचा मोगल बादशहा मात्र नामधारी म्हणून तख्तावर ठेवला, आणि पुढे लोकशाही आली तरी तो सही-शिक्क्यापुरता राहिला.

विज्ञान शेवटी येते. परतलेल्या पंतांना त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे समजावतात की अगदी लहानशा फरकाने सगळी परिस्थिती एकदम पालटू शकते. आमच्या मोंढ्यातल्या एका हमालभाईंना हे लगेच पटले. ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लावताना तेरावे पोते नीट बसते आणि चौदाव्याला सगळी थप्पी अंगावर येते, असे ते म्हणाले. दुसरी गोष्ट, एकाच वेळी अनेक जगे असू शकतात आणि आपल्याला त्यातले एकच दिसते, ही मात्र कुणालाही सहज उतरली नाही. एका हाजीसाहेबांनी शांतपणे सांगितले, "गैब का इल्म अल्लाह को." वाद तिथेच थांबला.

मते सुरू झाली एका नववीतल्या मुलापासून. एका शाळेत पानिपतचा धडा चालू असताना बाजूच्या मुलाने त्याला कोपर मारून विचारले होते, "तुमचे जिंकले ना रे?" मुलगा घरी आला तो विचारत, की अब्दाली आपला कोण लागतो. बीड जिल्ह्यातल्या मुलाचा काबूलच्या बादशहाशी काय संबंध, हा प्रश्न त्याच्या अब्बांनी हसण्यावारी नेला, पण मुलगा हसला नाही.

अशा वेळी आम्ही मास्तर लोक एक उत्तर तयार ठेवतो, आणि ते खरे आहे. मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्यांच्या हाती होता. ते आधी निजामाकडे होते, नंतर सदाशिवरावभाऊंकडे आले. पानिपतच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १७६० मध्ये, आपल्याच मुलखात उदगीरची मोहीम झाली. निजामाची फौज आपल्या धारूरच्या किल्ल्याकडे सरकू पाहत होती, तिला मराठ्यांनी औशाजवळ कोंडले. त्या लढाईत गारद्यांनी मोठे काम केले. मार्चमध्ये भाऊ परतूरहून उत्तरेला निघाले ते इब्राहिमखानांना घेऊन. पानिपतावर ते जखमी होऊन पकडले गेले आणि मारले गेले. बाजीराव-मस्तानींचे चिरंजीव समशेरबहादूरही त्या लढाईच्या जखमांनी भरतपूरला वारले. समोरच्या बाजूला अब्दालीबरोबर रोहिले होते, अवधचे शुजाउद्दौला होते. ही लढाई दोन धर्मांची नव्हती, हे सांगायला एवढे पुरे.

हे सगळे मुलाला सांगितल्यावर त्याची बारावीतली बहीण जे बोलली, ते आमच्या मनात घर करून राहिले. ती म्हणाली, "सर, दर वेळी इब्राहिमखानांचं नाव आपण ओळखपत्रासारखं का काढून दाखवायचं? मला कथेतले खानसाहेब जास्त आवडले. त्यांना काही सिद्ध करायचं नाही."

कोण हे खानसाहेब? गंगाधरपंतांच्या डब्यात समोर बसलेले एक प्रवासी. मुंबईला उतरून त्याच रात्री फ्रंटियर मेलने दिल्ली, तिथून लाहोर आणि पुढे पेशावर, असा त्यांचा बेत आहे. धंद्याच्या कामाने चालले आहेत. परवा पोचू, म्हणतात. व्यापाराच्या गप्पा मारतात आणि पंत कान देऊन ऐकतात. एवढेच. कथेत त्यांना तलवार नाही, त्याग नाही, देशभक्तीचे भाषण नाही. उलट पंतच त्या देशात नवखे आहेत आणि सरहद आली हे त्यांना सांगणारे खानसाहेब आहेत. आम्ही ही कथा आधी दोनदा वाचली होती, पण या मुलीने बोट ठेवेपर्यंत खानसाहेबांकडे आमचे असे लक्ष गेले नव्हते. नारळीकरांनी 'फाळणी झाली नाही' असे भाषण दिले नाही. एका माणसाच्या तिकिटावरचा मार्ग तेवढा सांगितला. ही कथेतली सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे आमचे मत.

सगळ्यांना ते पटले नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले एक चाचा म्हणाले, "एक मुसाफिर दिखाया, बस. बाकी अपन किधर है इसमें?" त्यांचा मुद्दा रास्त आहे. पेशव्यांच्या राज्यात विज्ञानाची केंद्रे निघाली, लोकशाही आली, हे कथा सांगते. त्या लोकशाहीत विणकर, खाटीक, बागवान, महार, मांग, धनगर यांचे काय झाले हे सांगत नाही. पाठ्यपुस्तकात जेवढा भाग आहे त्यात इब्राहिमखानांचाही उल्लेख नाही. लढाई जिंकली म्हणजे गावकुसाबाहेरच्या माणसाचा दिवस बदलला असे नव्हे. हा प्रश्न नारळीकरांना विचारायला हवा होता, पण २० मे २०२५ रोजी ते गेले.

बायकांची मते आणखी निराळी. पुस्तकातल्या कथेत बोलणारी बाई एकच, मुंबईच्या एका कचेरीतली इंग्रज स्वागतिका. पंत तिच्याकडे आपला मुलगा विनय गायतोंडे याची चौकशी करतात. ती याद्या पाहते आणि असा कुणी इथे नाही म्हणते. पंत आभार मानून बाहेर पडतात आणि ग्रंथालयाची वाट धरतात. आमच्या शेजारच्या आपा इथे संतापल्या. "लेक सापडेना, आणि हा माणूस पुस्तकं वाचायला जातो? आई असती तर गावभर फिरली असती!" घरातल्या पुरुषांपैकी एकाच्याही नजरेला ही जागा टोचली नव्हती. आपांचे खरे आहे. इतिहास बदलला तर राजे बदलतात हे सगळ्यांना दिसते, पण कुणाची लेकरे जन्मालाच येणार नाहीत, हे त्या एका यादीतून कळते.

त्याच आपांना आम्ही रुकय्या सखावत हुसेन यांच्या 'सुलतानाज ड्रीम'ची गोष्ट सांगितली. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आलेली ही कथा एका मुस्लिम बाईने इंग्रजीत लिहिली. तिच्यात पुरुष मर्दान्यात बसतात, बायका राज्य चालवतात आणि सूर्याची उष्णता शत्रूवर सोडून लढाई जिंकतात. आपांना ती पानिपतापेक्षा पुष्कळच आवडली.

नारळीकरांनी या कथेची मालिका केली नाही, पण पोरांनी मात्र पुढचे भाग सुचवले. दारा शुकोहचे नाव तिघांनी घेतले. १६५८ साली सामूगढच्या लढाईत दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, रिकामी अंबारी पाहून तो पडला असे सैन्याला वाटले आणि फौज फुटली. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर भाऊही हत्तीवरून उतरले आणि तेच झाले, असे सांगतात. हा जुळता धागा अकरावीच्या मुलाने स्वतः शोधला. उपनिषदांचे फारसीत भाषांतर करणारा दारा तख्तावर बसला असता तर, हा भाग लिहायला तो तयार आहे. दुसऱ्याला ग्रॅनडा हवे आहे. त्याला सांगितले की बाबा, १९३१ सालीच फिलिप ग्वेडाला या इंग्रज लेखकाने स्पेनमधले मूर जिंकले असते तर, असा निबंध लिहून ठेवला आहे. तो जरा नाराज झाला.

मोठ्या माणसांनी मात्र इतक्या दूरचे साल घेतले नाही. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरात 'असे झाले असते तर' म्हटले की एकच साल निघते, १९४८. निजामाने वेळेवर सामीलनाम्यावर सही केली असती तर? कासिम रझवींच्या रझाकारांना आवरले असते तर? रझाकारांच्या विरोधात लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांचा त्या ऑगस्टमध्ये खून झाला. ते आणि त्यांच्यासारखे लोक ऐकले गेले असते तर? १३ सप्टेंबरला फौजा आल्या, १७ तारखेला निजामाने हार मानली, आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत जे घडले ते पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवले. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही होते, हेही तिने नोंदवले. हा अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. रझाकारांनी हिंदू गावांवर जे अत्याचार केले तेही आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले होते, आणि ते लपवत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या एका दादींनी ऐंशी ओलांडली आहे. १९४८ ला त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. उस्मानाबादकडच्या एका खेड्यात वडील गेले आणि आईचा पदर धरून त्या घाटनांदूरला मामूंकडे आल्या. कथा त्यांनी पडल्या पडल्या ऐकली. पेशवे, कंपनी सरकार यांत त्यांना रस नव्हता. विनयच्या जागी मात्र त्या उठून बसल्या. शेवटी पंत आपल्या जगात परत येतात म्हटल्यावर विचारले, "मग लेक भेटला का त्याला?" या जगात त्याचा मुलगा आहे, असे आम्ही सांगितले. "मग बरं झालं आला ते."

नातवाने विचारले, "दादी, १९४८ झालंच नसतं तर?"

दादी बराच वेळ बोटे मोजत होत्या. निकाह या गावचा. चार मुलगे, तीन मुली, नातवंडे, पणतू. मग म्हणाल्या, "अब्बा रहते तो मैं इधर कायकू आती रे?" आणि नातवाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्या खोलीत कुणीच पुढे झाले नाही.

कथेच्या अखेरीस गंगाधरपंत पुन्हा कुठल्याही सभेचे अध्यक्षपद घ्यायचे नाही असे ठरवतात, कारण त्या दुसऱ्या जगात अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्याबद्दल लोकांनी त्यांना चोपले होते. आमच्या गावातल्या दोन-तीन कायमच्या अध्यक्षांनी ही कथा वाचावी, अशी सूचना एका तरुणाने केली आहे. ती आम्ही पोचवलेली नाही.

पुढच्या भागांपैकी आतापर्यंत एकच कागदावर आला आहे. सातवीतल्या एका मुलीने उर्दूत लिहिला. त्यात खानसाहेब पेशावरहून परत निघतात. लाहोर, दिल्ली, मनमाड करत परळीला गाडी बदलतात आणि अक्रोड-बदामाची पिशवी घेऊन घाटनांदूर स्टेशनवर उतरतात. चार पाने छान जमली आहेत. पाचव्या पानावर ती अडली आहे, कारण लाहोरच्या अलीकडे गाडी थांबवून परवाना तपासायला कुणी चढेल की नाही, हे तिला ठरवता येत नाही.